बिनकामाचा दिवस

आमच्या घरात गावाबाहेर जाण्याची कारणं ठरलेली होती. लग्न, मयत, दवाखाना आणि उरूस. या चारांत न बसणारा प्रवास आमच्या अब्बांनी उभ्या आयुष्यात केला नाही. अम्माचा तर प्रश्नच नव्हता. शेवगावहून नगरला जायचं ते सिव्हिल हॉस्पिटलला, पैठणला जायचं ते मावशीच्या घरी काही बरंवाईट झालं तर, आणि बोधेगावला जायचं ते बन्नोमाँच्या यात्रेला. यात्रेतही अम्मा रेवड्या घ्यायची, पण त्या वाटण्यासाठी. स्वतःच्या तोंडात एखादी टाकायची, तीही गोड निघाली की नाही ते पाहायला.

अब्बा पिंजारी. आमचा तालुका कापसाचा. पावसाचा भरवसा नाही, पण काळ्या रानात कपाशी तग धरते. वेचणी झाली की अब्बा खांद्यावर धुनकी टाकून गावोगाव फिरायचे. लग्नसराईच्या आधी गाद्या भरायच्या, थंडीच्या आधी रजया. त्यांच्या भुवयांवर, पापण्यांवर, कानाच्या पाळीवर कापूस बसलेला असायचा. ते घरी आले की आम्ही पोरं म्हणायचो, अब्बा म्हातारे झाले. अंघोळ केली की परत तरुण व्हायचे. पुढे पिंजायची मशीन आली, मग फोमच्या गाद्या आल्या आणि धुनकी भिंतीवर गेली. अम्मा मात्र गाद्यांची खोळ शिवत राहिली, टाके घालत राहिली. तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याजवळ सुईनं पडलेला घट्टा अजून आहे.

दुसऱ्याला मऊ झोप मिळावी म्हणून राबणारं आमचं घर. पण दुपारी अंग टाकणं हा आमच्याकडे आजारपणाचा पुरावा मानला जाई. कुणी पडलेलं दिसलं की अम्मा कपाळाला हात लावून बघायची. ताप नसेल तर उठवायची.

2023 सालची रमजान ईद 22 एप्रिलला झाली. शाळेला सुट्टी लागली होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, त्यामुळे मे महिना मोकळा. आपा आणि दुल्हेभाई ईदीला आले होते. शीरखुर्मा पिता पिता आपाच्या धाकट्यानं विचारलं, "मामू, समुद्र खरंच खारट असतो का?" मी पुस्तकातलं उत्तर दिलं. त्यानं पुन्हा विचारलं, "तुम्ही चाखून पाहिलाय?" नव्हता. घरातल्या नऊजणांपैकी फक्त दुल्हेभाईंनी समुद्र पाहिला होता, तोही मुंबईला एका मयतीला गेले असताना, टॅक्सीतून.

तेव्हाच ठरलं. क्रुझर गाडी भाड्यानं ठरवली, रायगड जिल्ह्यातल्या मुरूडला दोन रात्रींची सोय केली. अम्माला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "शादी किसकी है?"

"किसीकी नहीं, अम्मा."

"फिर कौन बीमार है?"

"सब अच्छे हैं."

"तो फिर जाना कायकू?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. फिरायला, असं म्हणालो. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की कपाळाला हात लावते की काय असं वाटलं.

समुद्र आमच्या गावात येत नव्हता असं नाही. तो दोन रूपांत यायचा. एक म्हणजे खडे मीठ आणि दुसरं म्हणजे सुकी मासळी. आठवडी बाजारात एका कोपऱ्यात सुकट, बोंबील घेऊन बायका बसायच्या. वास आधी यायचा, दुकान मागून दिसायचं. बाजरीची गरम भाकरी, तव्यावर लसूण-मिरची टाकून परतलेली सुकट आणि कच्चा कांदा, हे पावसाळ्यातलं आमचं मोठं जेवण. मोठं पाणीही अम्मानं पाहिलं होतं, पण ते नाथसागराचं. पैठणजवळचं जायकवाडी धरण 1976 मध्ये पूर्ण झालं आणि त्या पाण्यानं आमच्या तालुक्यातल्या गोदाकाठच्या जमिनी पोटात घेतल्या. अम्माच्या माहेरचं रानही त्यात गेलं. त्यामुळे क्षितिजापर्यंत पसरलेलं पाणी म्हटलं की तिला आनंद आठवत नसे. नुकसानीची यादी आठवत असे.

शेवगावहून निघालो ते रात्रीच. नगर, पुणे, खोपोली, पेण, अलिबाग. नगरचं नाव 2024 पासून अहिल्यानगर झालं, पण आमच्या प्रवासाच्या वेळी पाटीवर अहमदनगरच होतं. अलिबाग सोडलं की रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांतून जाऊ लागतो. नागाव, चौल, रेवदंडा. दोन्ही बाजूंना गर्द सावली, मधून चिंचोळा रस्ता. आमच्याकडे मे महिन्यात सावली शोधावी लागते. इथे ऊन शोधावं लागत होतं.

चौल आल्यावर मी मास्तरकी केल्याशिवाय राहिलो नाही. मुलांना सांगितलं, हे आपल्या निजामशाहीचं बंदर. अहमदनगरचे सुलतान इथून अरबस्तानातले घोडे उतरवून घ्यायचे आणि दख्खनचं कापड इथून जहाजावर चढायचं. 1469 च्या सुमारास अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन याच चौलला उतरला होता. 1521 मध्ये बुऱ्हाण निजामशहानं पोर्तुगीजांना इथे ठाणं बांधायची परवानगी दिली आणि पन्नास वर्षांनी त्याच ठाण्याला वेढा घालून बसायची पाळी निजामशाहीवर आली. वेढा फसला. खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगरही 1594 मध्ये पोर्तुगीजांनी घेतला.

मुलं जांभया देऊ लागली. अम्मानं मात्र एकच शब्द पकडला होता. "कापड? अपने उधर का कापड इधर आता था?" मी हो म्हणालो. ती खिडकीबाहेर पाहत बसली. अनोळखी गावात ओळखीचं काही सापडलं की माणूस जरा सैल बसतो. तशी ती बसली.

पहिला दिवस जंजिऱ्यात गेला. राजपुरीहून शिडाची होडी, भर पाण्यात उभा दरवाजा, त्यावर हत्तींना पंजात धरलेला दगडी वाघ, कलालबांगडी तोफ. हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कारभारी झाला आणि हबशांच्याच हातात हा किल्ला 1948 च्या विलीनीकरणापर्यंत राहिला, हे मुलांना ऐकायला आवडलं. पण तो दिवस सहलीचा होता. तिकीट काढा, रांगेत उभे राहा, पायऱ्या चढा, फोटो काढा. अम्माच्या भाषेत तेही एक कामच. मला सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवसाबद्दल, कारण त्या दिवशी आम्हाला काहीच करायचं नव्हतं.

आम्ही उतरलो होतो ते एका कोकणी मुस्लिम कुटुंबाच्या घरात. पुढे पडवी, मागे वाडी, वाडीत विहीर. वरच्या दोन खोल्या ते पाहुण्यांना देत. मालकीणबाई साठीच्या आतबाहेर. मुलं त्यांना लगेच खाला म्हणू लागली. त्यांचा एक मुलगा कुवेतला, एक जहाजावर. घर, वाडी, पाहुणे, हिशेब सगळं खालाच पाहत. कोकणातल्या पुष्कळ मुस्लिम घरांतून पुरुष पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात, दर्यावर. त्यामुळे बाईच्या हातात किल्ल्या असणं तिथे नवलाचं नाही.

आल्या दिवशी अम्मानं खालाशी बोलायला सुरुवात केली ती अदबीच्या उर्दूत. मुसलमान घर, परकी माणसं, म्हणून जरा ठेवणीतली भाषा काढली. खाला त्यांच्या कोकणी मराठीत उत्तर देत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आलो तर दोघी पडवीत बसून मराठीत बोलत होत्या. एकीची गोदाकाठची, दुसरीची खाडीकाठची. अम्मानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "इनके घर में बी मराठीच बोलते?" मी म्हटलं, घरातही, मुलांशीही आणि भांडतानाही. आम्ही श्रीगोंद्याच्या शेख महंमदांच्या जिल्ह्यातले. साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी त्यांनी मराठीत ग्रंथ लिहिले. तरीही मुसलमानाची घरातली भाषा मराठी असू शकते, याचा अम्माला सत्तराव्या वर्षी अचंबा वाटला. आमच्या घरात दखनी, दारात मराठी. इथे उंबऱ्याच्या आतबाहेर एकच.

न्याहारीला घावणे आणि नारळाचं गूळ घातलेलं दूध. घावणा म्हणजे तांदळाच्या पिठाचं पातळ, जाळीदार धिरडं. आमच्या पोरांनी किती खाल्ले याचा हिशेब खालांनी ठेवला नाही. अम्मानं ठेवला.

मग आम्ही किनाऱ्यावर गेलो. मंगळवार होता, गर्दी नव्हती. ओहोटी लागली होती. अम्मा चपला हातात घेऊन ओल्या वाळूत उभी राहिली. लाट आली, पायाखालची वाळू घेऊन गेली. ती दचकली. दुसरी आली. हळूहळू तिच्या लक्षात आलं की हे पाणी येतं तसं परत जातं. "ये रहता नहीं," ती म्हणाली. नाथसागराचं पाणी आलं ते राहिलंच होतं. आपाच्या धाकट्यानं बोट बुडवून चाखलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. पुस्तकातलं उत्तर बरोबर निघालं.

दहाच्या सुमारास मासळी बाजारात गेलो. पुरुषांनी घ्यायच्या वस्तूंत मासळी येते असं दुल्हेभाईंचं मत होतं, म्हणून ते पुढे झाले. कोळणीनं त्यांना दोन वाक्यांत ओळखलं. घाटावरचं गिऱ्हाईक, मासळीची पारख नाही. पापलेटच्या जोडीचा जो भाव तिनं सांगितला तो ऐकून दुल्हेभाईंनी पिशवी घडी करून खिशात घातली.

तेव्हा अम्मा पुढे आली. तिनं ताजी मासळी कधी विकत घेतली नव्हती, पण बाजार तिला नवा नव्हता. ती आधी उकिडवी बसली. बाजारात बसलेल्या बाईशी उभ्यानं भाव करू नये, हा तिचा नियम. मग विचारलं, "कुठलं गाव गं बाई तुझं? पोरंबाळं किती?" पापलेटचं नावच काढलं नाही. कोळीण हसली. तिनंही विचारलं, "तुमी कुठल्या गो?" शेवगाव म्हटल्यावर तिला कळलं नाही. पैठणच्या अलीकडे म्हटल्यावर कळलं, कारण पैठण एकनाथ महाराजांचं. माशाचे कल्ले उचलून लाल आहेत की नाहीत ते कसं बघायचं, डोळा कसा चकचकीत पाहिजे, बोटानं दाबल्यावर मांस कसं परत वर आलं पाहिजे, हे कोळणीनं तिला दाखवलं. शेवटी पापलेट नाहीच घेतले. मांदेली, कोळंबी आणि दोन मोठे हलवे घेतले. वर कोळणीनं आपल्या हातानं चार खेकडे टाकले, "पोरांना रस्सा कर गो." दुल्हेभाईंनी पिशवी परत काढली.

पुढच्या ओळीत सुकी मासळी होती. सोडे, जवळा, बोंबील, वाकट्या. अम्मा तिथे बराच वेळ रेंगाळली. आयुष्यभर जिचा शेवटचा टप्पा पाहिला त्या वस्तूचं मूळ गाव पाहत होती. ढिगातला जवळा मुठीत घेऊन म्हणाली, "अपने बाजार में आता सो ये नहीं. उसमें रेती रहती."

दुपारच्या जेवणाला तांदळाच्या भाकऱ्या, नारळाच्या वाटणातली कोळंबी, तळलेली मांदेली, हलव्याचं कालवण, खेकड्यांचा रस्सा आणि फणसाचं सांदण. मुसलमान घराबाहेर पडला की जेवणाच्या वेळी त्याच्या मनात एक प्रश्न असतो. मांस हलाल आहे का? विचारायला संकोच वाटतो, न विचारता घास उतरत नाही. म्हणून आमचे लोक प्रवासात अंडी-डाळ खातात नाहीतर घरून डबे नेतात. समुद्रानं हा प्रश्न सोडवून ठेवला आहे. मासळीला जबह लागत नाही. कोळ्याच्या खानावळीत बसा, ब्राह्मणाच्या वाडीत बसा नाहीतर खालांच्या पडवीत, ताटातला मासा सगळीकडे सारखाच. त्या दोन दिवसांत आम्ही कुणालाही काही विचारलं नाही आणि कुणी आम्हाला विचारलं नाही. एवढ्यानं मन किती हलकं होतं, हे ज्यांना सतत विचारावं लागतं त्यांनाच कळेल.

खेकड्यांनी मात्र थोडा पेच केला. दख्खनेतले आम्ही बहुतेक हनफी, कोकणातले मुसलमान शाफई. शाफई मसलकात समुद्रातलं जवळजवळ सगळं चालतं. हनफी फक्त मासा मानतात. खेकडा नाही, आणि कोळंबीबद्दल आलिमांत मतभेद. हे अम्माला शेजारच्या मौलवीसाहेबांच्या बायकोकडून माहीत होतं. तिनं कोळंबीचं भांडंही पुढे सरकवलं. खाला म्हणाल्या, "आपा, तुमच्याकडे सुकट खातात ना?" खातो, अम्मा म्हणाली, लहानपणापासून. "मग ती काय आहे? जवळा म्हणजे बारकी कोळंबीच." अम्मा क्षणभर थांबली. साठ-पासष्ट वर्षं खाल्लेल्या सुकटीचा हिशेब तिच्या डोळ्यांपुढून गेला असावा. मग तिनं भांडं परत ओढून घेतलं. खेकडा मात्र खाल्ला नाही. खालांनी आग्रह केला नाही, आणि आमच्या पोरांनी खाल्ला त्यावर अम्मानं काही म्हटलं नाही. दोन मसलकांचं भांडण असं एका ताटावर मिटलं.

जेवणानंतर सगळे पडवीत, खोल्यांत आडवे झाले. आता काय करायचं, असं अम्मानं तिघांना विचारलं. भांडी खालांची बाई घासत होती. निवडायला काही नव्हतं, शिवायला काही नव्हतं. शेवटी ती खोलीत गेली. थोड्या वेळानं पाहिलं तर गादीचा कोपरा उचलून टाके तपासत होती. बोटानं दाबून म्हणाली, "ये अपना कपास नहीं. ये सावर का है." खालांनी खालून सांगितलं, बरोबर, वाडीतल्याच सावरीचा. सावरीचा कापूस हलका, पाण्याला दाद देत नाही, दमट हवेत बरा पडतो. पण तो पिंजायचा नसतो, नुसता मोकळा करून भरायचा, हे अम्मानं आम्हाला समजावलं. बोलता बोलता त्याच गादीवर कलंडली आणि झोपली. तीन वाजता नमाजाला उठवायचं की नाही यावर माझी आणि आपाची कुजबुज झाली. ती आपोआप उठली चार वाजता. कपाळाला हात लावून पाहिला. तिनंच. ताप नव्हता.

संध्याकाळी बाजारपेठेत गेलो. मुरूडची पेठ लहान. आमच्या शेवगावच्या पेठेपेक्षाही लहान म्हणता येईल. पण आमच्या पेठेत आम्ही यादी घेऊन जातो, आणि यादीच्या पलीकडे नजर जाऊ देत नाही. इथे यादीच नव्हती. प्रत्येक दुकानापुढे थांबता येत होतं. एका हातगाडीवर ताडगोळे होते. सोलले की काचेसारखे पारदर्शक, आत थेंबभर गोड पाणी. करवंदं होती, पानाच्या द्रोणात. आम्ही नऊजण रस्त्याच्या कडेला उभे राहून ताडगोळे खात होतो. माझ्या लक्षात आलं की अम्माला रस्त्यात उभं राहून खाताना मी प्रथमच पाहत होतो.

खरेदी सुरू झाली. आमसुलं, कुळथाचं पीठ, नारळ, श्रीवर्धनी रोठा सुपारी आणि पांढऱ्या कांद्याच्या वेणीसारख्या गुंफलेल्या माळा. अलिबागच्या या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. तिखटपणा कमी, कच्चा खायला गोड. आपानं दोन माळा घेतल्या. कांद्याच्या जिल्ह्यातून येऊन कांदा विकत घेतला म्हणून दुल्हेभाई हसत राहिले. प्रत्येक खरेदीला अम्माचं एक वाक्य ठरलेलं, "इत्ते में एक गादी की खोल आती रे." सुपारीला अर्धी खोळ, कांद्याला पाऊण. तिचं चलन गादी होतं. पन्नास वर्षं त्याच चलनात तिनं जग मोजलं.

मग बांगड्यांचं दुकान आलं. मन्यारणीचं. माझी मुलगी आणि आपाची मुलगी आत शिरल्या, मागोमाग बायको आणि आपा. आम्ही पुरुष बाहेर. अम्मा उंबऱ्यावर थांबली.

इथे थोडं सांगायला हवं. अब्बांचा इंतेकाल 2011 मध्ये झाला. अम्मानं चार महिने दहा दिवसांची इद्दत पाळली. इद्दत संपली की बाईनं बांगड्या घालू नयेत, रंगीत नेसू नये, असं आपल्या दीनमध्ये कुठेही नाही. ती हवं तर दुसरा निकाह करू शकते, तिथे काचेच्या बांगडीची काय कथा! पण आमच्या गल्लीत शरियतपेक्षा शेजार मोठा. शेजारच्या बायका कुंकू पुसतात तशा आमच्या बायका बांगड्या उतरवतात. कुणी हुकूम केला नाही, कुणी मनाई केली नाही. अम्माचे हात बारा वर्षं मोकळे होते आणि आम्हा कुणाला त्यात काही दिसलं नव्हतं.

मन्यारणीनं उंबऱ्यावरच्या अम्माला आत बोलावलं. "कुणाला पायजेत?"

"नाती को," अम्मा म्हणाली. आणि हात पुढे केला.

नातीचं मनगट केवढं, अम्माचं केवढं! मन्यारणीनं एकदा हाताकडे पाहिलं, एकदा चेहऱ्याकडे. काही विचारलं नाही. अम्माचा पंजा दोन्ही हातांत घेऊन चेपला, अंगठा आत वळवला आणि हिरव्या बांगड्या एकेक करून चढवल्या. सुईच्या घट्ट्यापाशी एक अडकली. तिथे जरा वेळ लागला. हे सगळं माझ्या बायकोनं आतून पाहिलं आणि नंतर मला सांगितलं. ती म्हणाली, आम्ही चौघी मुद्दाम दुसऱ्या रंगांबद्दल बोलत राहिलो. अम्मा बाहेर आली तेव्हा पदर मनगटापर्यंत ओढलेला होता, पण चालताना आवाज येत होता. आम्ही कुणी काही म्हटलं नाही. त्या खरेदीला किती खोळी आल्या असत्या ते तिनंही सांगितलं नाही.

रात्री किनाऱ्यावर बसलो. भरती चढत होती. मी विचार करत होतो, हे घडायला चारशे किलोमीटर का यावं लागलं? बांगड्या शेवगावातही मिळतात. मन्यार आमच्याच गल्लीत आहे. पण शेवगावात अम्मा कुणाची तरी आई, कुणाची बेवा, कुणाची गादी शिवणारी बाई असते. तिच्या प्रत्येक हालचालीला कारण द्यावं लागतं. मुरूडच्या बाजारात ती नुसती गिऱ्हाईक होती. गिऱ्हाईकाला कारण विचारत नाहीत.

आपल्याकडे खर्चाची दोनच खाती असतात, गरज आणि उधळपट्टी. जुम्याच्या बयानात इसराफबद्दल ऐकतो आणि ते खरंही आहे. लग्नात कर्ज काढून पाचशे माणसं जेवू घालणं हा इसराफच. पण त्या कर्जाला कुणी अडवत नाही, कारण लग्न हे कारण आहे. म्हाताऱ्या बाईनं शंभर रुपयांचे ताडगोळे आणि बांगड्या घेतल्या तर मात्र कपाळाला आठी, कारण त्यामागे कारण नाही. गरज आणि उधळपट्टी यांच्यामध्ये एक तिसरं खातं असतं, खुशीचं. कष्टकरी माणसाच्या वहीत ते पान कोरं राहतं आणि बाईच्या वहीत तर ते पानच नसतं. पैसा आला की हे आपोआप बदलतं असंही नाही. माझा पगार सुरू होऊन वीस वर्षं झाली होती. अम्माचं पान तरीही निघालं नव्हतं. ते कुणाला तरी मुद्दाम काढावं लागतं, तारीख घालून.

परत आल्यावर अम्मानं सुपारी, आमसुलं गल्लीत वाटली. वाटण्यासाठी आणणं तिला ठाऊक होतंच. बायका आल्या, समुद्राची चौकशी झाली आणि नजरा तिच्या हाताकडे गेल्याच. एकीनं तोंड उघडून विचारलं. अम्मा म्हणाली, "मुरूडला मिळतात, चांगल्या आहेत." बस्स, एवढंच. मराठीत म्हणाली, कारण विचारणारी मराठी शेजारीण होती. बांगड्या तिनं काढल्या नाहीत. दोन कामात फुटल्या, बाकीच्या राहिल्या.

गल्लीतल्या बायकांची एक भिशी आहे, हिंदू-मुसलमान मिळून. भिशीचा पैसा फी, औषध, पत्रे, दागिना यांवर जातो. 2024 च्या जानेवारीत त्यांनी एक क्रुझर ठरवली. अकरा बायका, पुरुष फक्त ड्रायव्हर. अम्मा वाट दाखवायला पुढच्या सीटवर. निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांच्या पिशव्या आमच्या ओट्यावर जमल्या. अम्मानं एकेक तपासली. एकीच्या पिशवीत अर्धवट शिवलेली वाकळ आणि सुईदोरा निघाला. दोन दिवस रिकामं कसं बसायचं, म्हणून घेतलंय, ती म्हणाली. अम्मानं वाकळ बाहेर काढली, घडी घालून माझ्या बायकोच्या हातात दिली आणि म्हणाली, "ही आल्यावर घेऊन जाईल."